मालवणचा दर्या कोणाचा?



मालवण म्हटलं की किल्ला आठवतो. आठवायलाच हवा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, १६६७ साली ते पुरं झालं. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला नि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं. ते नाव टिकलं नाही. १८१२ साली कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेलं. हे सारं पुस्तकात आहे.

पण राज्यं आली नि गेली, किनाऱ्यावर जाळं ओढणारा गाबीत तिथंच राहिला. त्याची रापण आम्हांस पुस्तकाइतकीच मोलाची वाटते. होडीने जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या, आणि आलेल्या बांगड्या-तारल्यांचे वाटे करायचे. यात एकट्याचं काही चालत नाही. हीच आमची युनियन!

आता भर दर्यात पर्ससीनवाले येतात. अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून जाळ्याचं तोंड आवळतात. किनाऱ्यापर्यंत मासा येणार कुठून?

कोणी म्हणेल, यंत्र आलं की जुनं जाणारच. अहो, यंत्राशी आमचं वैर नाही, आम्ही यंत्रावरच पोट भरतो. पण साच्यात कापूस संपला तर शेतकरी पुढल्या साली पुन्हा पिकवतो. दर्यातली पिलंच उपसली तर पुढल्या साली काय पिकणार? यंत्राला हद्द कोण घालणार, एवढाच आमचा सवाल आहे.

कायदा नाही असं नाही. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. २०२१ साली राज्याने दंड वाढवला. पण कायद्याला दर्यात गस्त घालणारी बोट लागते. ती नसेल तर कायदा कपाटातच झोपणार.

दर्याने पोट भरेना तेव्हा याच किनाऱ्याची पोरं मुंबईच्या गिरणगावात आली. संयुक्त महाराष्ट्रासाठी तीही रस्त्यावर उतरली. १ मे १९६० ला मराठी माणसाचं राज्य झालं. ते राज्य फक्त बोलण्यापुरतं मराठी नको, रापणकराच्या वाट्यालाही यायला हवं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मोसम सुरू होण्याआधी गस्त सुरू करा. हद्द ठरवताना रापणकराला विचारा. किल्ल्याची डागडुजी करा, पण किल्ल्यासमोरचा माणूसही जगवा.

गावी जाल तेव्हा रापणीची दोरी धरा. इथं सभा होईल तेव्हा हा सवाल मांडा!