वैमानिकाच्या झोपेत सवलत नको

लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी त्यांची, दिवसाचा बराच वेळ लढाऊ विमानांच्या सरावाचा. नागरी विमानांना त्यातून उरेल तो वेळ मिळतो. त्यामुळे पुणेकरांची कितीतरी उड्डाणे रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे असतात आणि वैमानिकांच्या रात्रपाळीचा प्रश्न या शहराच्या अगदी जवळचा ठरतो. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, लोहगावलाही प्रवासी ताटकळले, तेव्हा खापर फुटले ते मात्र विश्रांतीच्या नव्या नियमांवर. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) इंडिगोला रात्रपाळीच्या अटींतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. ती द्यायला नको होती.

नियम अवाजवी नव्हते. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली आणि रात्रपाळीत सहाऐवजी दोनच लँडिंग ठरली. यामागे किती मोठी किंमत मोजलेली आहे, हे 22 मे 2010 च्या मंगळुरू अपघाताने दाखवले. दुबईहून रात्रभर उडत आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टीवर निम्म्याच्या पुढे टेकले, थांबू शकले नाही आणि दरीत कोसळले. 158 जण गेले. चौकशीचे प्रमुख होते पुण्यात स्थायिक झालेले निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात बराच वेळ संभाषणच नव्हते, ऐकू येत होते ते घोरणे. लँडिंगच्या वेळी सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याची सूचना तीनदा केली, तरी कॅप्टनने विमान खाली आणलेच. दीर्घ झोपेतून उठल्यावर राहणारी गुंगी आणि पहाटेची शरीराची मंदावलेली अवस्था यांची अहवालात नोंद आहे.

‘कॉकपिटमध्ये दोघे असतात, ऑटोपायलट असतो’ या आक्षेपाचे उत्तर मंगळुरूतच मिळते. दुसरा वैमानिक जागा होता, बोललाही, पण निर्णय थकलेल्या माणसाच्या हातात होता. 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात सलग 17 तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे. उड्डाणाआधी वैमानिकाच्या श्वासातला मद्याचा अंश तपासला जातो. अपुरी झोप मात्र कुठल्याच यंत्रात दिसत नाही. तिला रोखायला रोस्टरचा नियम एवढाच उपाय आहे. लाखोंचा पगार घेणाऱ्यांनी कुरकुर करू नये, असेही म्हटले जाते. पण पगाराने झोप भरून निघत नाही, आणि मागे बसलेल्या पावणेदोनशे माणसांना वैमानिकाच्या पगाराचा काही उपयोग नसतो.

सर्वांत वजनदार आक्षेप अडकलेल्या प्रवाशांचा. कुणाचे लग्न, कुणाची परीक्षा, कुणाचे ऑपरेशन. त्यांची सोय लावणे भागच होते. पण नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले होते. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर ते 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जवळजवळ दोन वर्षे हाताशी असताना साठ टक्क्यांहून अधिक देशांतर्गत प्रवासी वाहणाऱ्या कंपनीने वैमानिकांचा हिशेब जुळवला नाही. इतर कंपन्या त्याच नियमांत उडत राहिल्या. सरकारने पुढे इंडिगोचे वेळापत्रक दहा टक्क्यांनी कापले. हाच उपाय आधी करायचा होता. वैमानिक पुरेसे नसतील तर उड्डाणे कमी व्हावीत. तिकिटे थोडी महागतील, हे खरे आहे, आणि ते सोसायची तयारी आपण प्रवाशांनीही ठेवली पाहिजे.

पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ 2024 मध्ये नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री झाले. कंपन्यांनी वैमानिकांच्या थकव्याचे अहवाल दर तिमाहीला महासंचालनालयाला द्यावेत, असे नवे नियम सांगतात. नावे वगळून हे अहवाल लोकांसमोर मांडावेत आणि रात्रपाळीच्या नियमांतून पुन्हा कुणालाही सूट देऊ नये, ही मागणी पुणेकरांनी मोहोळ यांच्याकडे लावून धरावी.