गाईड आपल्याला निवडतो, की आपण गाईडला?

संगणकशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणारी मुलगी गाईडला भेटायला निघते तेव्हा तिला काय सांगितलं जातं? नीट बोल, फार प्रश्न विचारू नकोस, सर नाही म्हणतील. दाखवण्याच्या कार्यक्रमाला बसवतानाही हेच सांगतात. तिथे निदान नकार देण्याचा हक्क मुली झगडून मिळवत आहेत. विद्यापीठाच्या दारात मात्र एम.टेक. झालेली मुलगीही 'सरांनी घेतलं' एवढ्यावर धन्य होते. ही धन्यता पुढे महाग पडते.

गाईडच्या हातात काय काय असतं ते पाहा. संशोधनाचा विषय, शोधनिबंधावरचा नावांचा क्रम, फेलोशिपच्या कागदांवरची सही, नोकरीसाठीचं शिफारसपत्र. कित्येक वर्षं एवढी सत्ता एका व्यक्तीकडे राहते. तिला गुरुशिष्य परंपरा असं गोड नाव दिलं म्हणून ती नाहीशी होत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, होकार देण्यापूर्वी चौकशी करा. त्यांच्या विद्यार्थिनींना लॅबबाहेर भेटा. किती जणींची पीएच.डी. पूर्ण झाली, किती वर्षांत? मध्येच सोडून कोण गेली? तिला जरूर गाठा, ती मोकळेपणानं बोलेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. त्यांच्याकडे आज किती आहेत, आणि प्रत्येकीला आठवड्यात किती वेळ मिळतो, हेही विचारा.

या विषयाच्या काही खास गोष्टी आहेत. इथे नियतकालिकांइतकंच, कधी जास्तच, वजन परिषदांतल्या निबंधांना असतं. निबंध पाठवण्याची मुदत बहुधा पृथ्वीवर सर्वात शेवटी जिथे दिवस संपतो तिथल्या वेळेनं मोजतात. भारतात तेव्हा दुसऱ्या दिवसाचे संध्याकाळचे साडेपाच वाजतात. साहजिकच आदली रात्र लॅब जागी असते. जिच्या वसतिगृहाचं दार दहाला बंद होतं, तिचं नाव निबंधावर मागे सरकतं. दिल्लीच्या विद्यार्थिनींनी २०१५ साली 'पिंजरा तोड' म्हणत या कुलुपांविरुद्ध आवाज उठवला, तो याचसाठी मोलाचा. तेव्हा विचारा: लॅबच्या यंत्रांवर खोलीतून काम करता येईल का? परिषदेला कोणाला पाठवतात? आणि चहापाणी, बिलं, उत्तरपत्रिका कोणाच्या वाट्याला येतात?

'लग्न कधी?' हा प्रश्न मुलाखतीत आला तर सावध व्हा. त्याच २०२२ च्या नियमांत संशोधक स्त्रीला प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि पीएच.डी.साठी दोन वर्षांची जादा सवलत आहे. गाव बदलावं लागलं तर काही अटींवर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं. याला सरांचे उपकार मानू नका.

गाईड बाई असली की प्रश्न मिटला, असंही नाही. 'आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा' म्हणणाऱ्या बायका आपण घराघरांत पाहतोच. पारख वागण्यावरून करावी.

पण सगळा भार एकेकट्या मुलीच्या हुशारीवर टाकणं हा अन्यायच आहे. विशाखा निकाल १९९७ चा, लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ चा. आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीनुसार चौकशी चालू असताना आरोपित शिक्षकाला तक्रारदार विद्यार्थिनीचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. तरीही मुली गप्प राहतात. गाईड गेला की तीन वर्षांचं काम गेलं, हे त्यांना दिसत असतं. म्हणून आपली मागणी नेमकी हवी: तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीला फेलोशिप आणि झालेलं काम न गमावता दुसरा गाईड मिळाला पाहिजे, आणि तो मिळवून देणं विद्यापीठाचं काम आहे.

आपल्या संघटना कारखान्यांत गेल्या, वस्त्यांत गेल्या. आता लॅबच्या दारातही जायला हवं. विद्यार्थिनीच्या प्रकरणात तक्रार समितीवर तीन निवडून आलेले विद्यार्थी असावे लागतात, त्यांत एक संशोधक. आपल्या गावच्या विद्यापीठात ही निवडणूक झाली का, एवढं विचारण्यापासून सुरुवात करू या. प्रवेशाच्या दिवसांत जुन्या-नव्या संशोधक मुलींची एक बैठक घेऊ या. एकटीनं विचारलेला प्रश्न उद्धटपणा ठरतो. वीसजणींनी मिळून विचारला, तर त्याचं उत्तर द्यावंच लागतं.