मुलाचा आजार ओळखणं हेही फर्जच

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एकाच आजाराची तीन नावं कानावर येतात. शेजारी त्याला गोवर म्हणतात, आपल्या घरात उर्दूतला खसरा म्हणतात आणि जुनी माणसं, मग ती कोणत्याही धर्माची असोत, 'माता आली' म्हणतात. पहिली दोन आजाराची नावं आहेत. तिसरं नाव उच्चारलं की आजार संपतो आणि रिवाज सुरू होतो. घरात फोडणी बंद, मुलाची अंघोळ बंद, उशाशी कडुलिंबाचा पाला. डॉक्टरकडे न्यायचं नाही, कारण औषधानं पुरळ आत दबतो अशी समजूत. मूल दोन-तीन दिवस अंधाऱ्या खोलीत तापानं फणफणतं आणि तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत, हे ज्यांनी नीट मांडलं त्यात अल-राझी यांचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं. इराणातल्या रय शहरात जन्मलेल्या आणि बगदादमध्ये इस्पितळ चालवलेल्या या हकीमांनी सुमारे अकराशे वर्षांपूर्वी या दोन आजारांवर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. देवीत पाठदुखी जास्त असते, गोवरात मळमळ आणि बेचैनी जास्त असते, असा फरक त्यांनी रुग्ण पाहून नोंदवला. त्या काळी त्यांच्याकडे ना सूक्ष्मदर्शक होता, ना लस. डोळे उघडे ठेवून बघणं, एवढंच होतं. जलशांत आपण इब्न सीना आणि अल-राझी यांची नावं अभिमानानं घेतो. पण घरातल्या मुलाच्या अंगावर पुरळ उठला की त्यांची ही बघण्याची सवय आपण विसरतो.

याची किंमत किती, हे 2022 मध्ये दिसलं. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या रफी नगरमध्ये एकाच कुटुंबातली तीन मुलं अवघ्या 48 तासांत गेली. त्यानंतर गोवराची साथ सगळ्यांच्या नजरेत आली. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावची नावं आली. तिन्ही ठिकाणी मुस्लिम वस्ती मोठी, त्यामुळे 'हे लोक लसच घेत नाहीत' असं एका वाक्यात सगळं उरकलं गेलं. हे अर्धसत्य आहे. दाटीवाटीची घरं, सतत बदलणारे पत्ते, रोजंदारी बुडवून दवाखान्याच्या रांगेत उभं राहण्याची अडचण आणि कुपोषण, ही कारणं धर्म पाहून येत नाहीत. आपल्या जिल्ह्यातूनही कामासाठी मुंबई, पुणे, सुरतेकडे जाणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांचा पहिला डोस इथे होतो आणि दुसरा कुठेच होत नाही.

पण उरलेलं अर्धं सत्य आपल्याला गिळावंच लागेल. 27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा 'या लसीनं पुढे मूल होत नाही' असे संदेश मोबाइलवर फिरले आणि आपल्यातल्या शिकलेल्यांनीही ते पुढे पाठवले. अनेक उलेमांनी लस घ्या म्हणून सांगितलं, पण अफवा त्यांच्या आधी घरात पोचली होती.

म्हणून ओळख हवी. गोवरात आधी चढा ताप, कोरडा खोकला, वाहतं नाक, लाल पाणावलेले डोळे. तीन-चार दिवसांनी कानामागे, चेहऱ्यावर पुरळ येतो आणि खाली पसरतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल इतरांना आजार देतं, म्हणून त्याला वेगळं ठेवायचं, उपाशी ठेवायचं नाही. डॉक्टरकडे न्यायचंच, तिथे अ जीवनसत्त्वाचे दोन डोस मिळतात आणि ते डोळे वाचवतात. मुलं दगावतात ती बहुतेक वेळा पुरळानं नाही, मागून येणाऱ्या न्यूमोनियानं आणि जुलाबानं.

न्यूमोनिया ओळखायला यंत्र लागत नाही. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसायचंही नाही, 108 ला फोन करायचा. जुलाबात पहिल्या तासापासून ओआरएस पाजायचं. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, पाणीही पीत नाही, तर घरी थांबायचं नाही. तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर 108, थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

झटक्याच्या बाबतीत आपल्याकडे 'बाहेरचं' हा शब्द फार लवकर येतो. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास सगळ्या धर्मांची माणसं श्रद्धेनं येतात आणि त्यांच्या श्रद्धेची चेष्टा करण्याचा हक्क मला नाही. पण अल्लाहनं प्रत्येक आजारासोबत त्याचं औषधही ठेवलं आहे, ते घ्या, ही शिकवण खुद्द पैगंबरांची (स.) आहे. तावीज गळ्यात असला तरी पाय आधी दवाखान्याकडे वळले पाहिजेत. दुआ वाटेतही करता येते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मूल आजारी आहे हे आईला सर्वांत आधी कळतं, पण दवाखान्यात न्यायचं की नाही हे ठरवतात दादी आणि अब्बा. आशा ताई घरी येतात त्या वेळी अब्बा कामावर असतात. त्यांना गाठायची जागा एकच, जुम्याची मशीद. खुत्ब्याआधीच्या बयानातली पाच मिनिटं इमामसाहेबांनी महिन्यातून एकदा यासाठी द्यावीत: नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, त्याखाली गावातल्या लसीकरणाचा दिवसही लिहावा. आणि प्रत्येक बापानं आज घरी जाऊन आपल्या मुलाचं लसीचं कार्ड उघडावं, दुसऱ्या डोसची तारीख भरली आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.