भंगार कोणी ठरवायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१३ चा चौथ्या पिढीचा आय-थ्री धडधाकट असूनही कंपनीच्या लेखी भंगार! हा निकाल आम्हाला मान्य नाही.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावा, रॅम ८ जीबी करा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला, लिनक्स मिंट टाका. टायपिंग, ऑनलाइन अर्ज, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, सगळं त्यावर होतं.

मित्रांनो, कार्यालयांतून निघणारे असे संगणक वस्तीतल्या अभ्यासिकेत आणा. मुलामुलींच्या हाती नुसता माऊस नको, स्क्रू ड्रायव्हरही द्या. ज्ञान कुलूपबंद ठेवणारी व्यवस्था आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. निदान ही पेटी तरी आपल्या हाताने उघडू.