न दिसणारा सांधा

शाळेत चित्रफीत करणे हा कालापव्यय होय, असे कित्येक पालकांस वाटते. आमचे मत निराळे आहे. आम्ही पाच जणांनी दोन मित्रांच्या संभाषणाचे चित्रण केले. तुकडे जोडून पाहतो तो दोघेही एकाच दिशेस पाहत होते! कॅमेरा उभयतांस जोडणारी कल्पित रेषा ओलांडून गेला होता. एका तुकड्यात मनगटावर घड्याळ, पुढच्यात नाही. प्रत्येकाने आपले काम चोख केले, परंतु आधीच्याचे काम कोणी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या खेपेस आम्ही रेषेच्या एकाच बाजूस राहिलो, टिपणे ठेवली. हात उचलण्याची क्रिया दोन कोनांतून घेऊन तिच्या मध्यावर सांधा साधला. तो कोणास दिसला नाही. दुसऱ्याचे काम पाहून आपले करावे, हा धडा ज्या उद्योगाने मिळतो त्यास शाळेत अवश्य स्थान असावे.