मंडईच्या नाटकाला वकील हवा

विधी महाविद्यालयातून बाहेर पडणारी मुले हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: मीडिया, टेक्नॉलॉजी आणि बौद्धिक संपदेच्या व्यवहारांत वकिली करायची तर मुंबई गाठावीच लागेल ना? मोठ्या लॉ फर्ममध्ये बसून स्टुडिओ आणि ओटीटीचे करार लिहायचे असतील, तर लागेल. पण ही विद्या फक्त तिथेच लागते, असे मानण्याचे कारण नाही. आमच्या मते ती सर्वांत जास्त जिथे लागते, तिथे आज एकही वकील फिरकत नाही.

गोंदिया तालुक्यातले कामठा घ्या. एके काळी जमीनदारीचे ठाणे, आज लहरी आश्रमामुळे ओळखीचे. दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते, तेही तिकीट लावून. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचे या रंगभूमीकडे थोडेफार लक्ष गेले. तिच्यामागच्या उलाढालीकडे मात्र आपल्या व्यवसायाने अजून वळून पाहिलेले नाही.

एका रात्रीच्या प्रयोगामागे व्यवहार किती? लेखक आणि नाट्यमंडळ, मंडळ आणि नट, मंडळ आणि गावची आयोजक समिती, गाणी बसवणारा, आणि आता कॅमेरा लावून सगळे यूट्यूबवर चढवणारा. वडसा-देसाईगंजला मंडळांची कार्यालये लागतात, तारखा तिथे ठरतात. बरेचसे शब्दावर चालते, आणि हंगाम गोडीत गेला तर निभावतेही.

कागद झालाच तर तो साधारण असा असतो: ‘सदर नाटकाचे सर्व हक्क मंडळास दिले, मानधन पावले’, खाली तारीख आणि सही. मंडळाला वाटते, नाटक जन्मभराचे आपले झाले. प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ चे कलम १९ काढून हा कागद शेजारी ठेवा. मुदत लिहिलेली नाही, म्हणजे हस्तांतरण पाच वर्षांचे. प्रदेश लिहिलेला नाही, म्हणजे फक्त भारतापुरते. वर्षभरात हक्क वापरलाच नाही आणि कागदात वेगळे काही ठरलेले नाही, तर तो हक्क लेखकाकडे परत. शिवाय कोणते हक्क दिले ते नेमके लिहावे, असे कलमच सांगते. प्रयोग करण्याचा हक्क वेगळा, संहितेवरून दृश्यमुद्रण करण्याचा वेगळा. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी भर घातली: कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते करारात येत नाही. आठव्या वर्षी जुने नाटक पुन्हा उभे करणारा निर्माता आणि त्याच नाटकाचा व्हिडिओ पाहून चिडलेला लेखक, दोघेही प्रामाणिक असू शकतात. दोघांचाही करार कोणी लिहून दिलेला नसतो.

उद्या एखादी वाहिनी हे नाटक विकत घ्यायला आली, की तिचा वकील पहिल्यांदा मागेल ती चेन ऑफ टायटल. जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला याचा बाऊ वाटू नये. सातबाऱ्यावरचे फेरफार लावत मागे जायचे, तसेच हे. लेखकापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक हस्तांतरणाला सही असलेला कागद हवा. एक नोंद तुटली की व्यवहार अडला.

नटांची बाजू तर कोणी बघतच नाही. कलम ३८अ प्रमाणे प्रयोगाचे चित्रण करणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे, हा नटाचा स्वतंत्र हक्क आहे. चित्रणाला त्याने लेखी संमती दिली की हा हक्क बहुतांशी सुटतो, पण व्यापारी वापरातल्या रॉयल्टीवरचा दावा राहतो. रात्रीचे मानधन घेतले म्हणजे चित्रणाला होकार दिला, असा अर्थ काढता येत नाही. आवाजाचेही कलम आता करारात घालावे. अरिजित सिंह यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या नकलेला अंतरिम मनाई केली. झाडीपट्टीत तर नट आवाजावरच ओळखला जातो.

चित्रपटाची गाणी नाटकात वापरणाऱ्यांना ‘हौशी मंडळाला सूट आहे’ असे कोणी तरी सांगितलेले असते. ती सूट पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढच्या प्रयोगाला आहे, तिकिटाच्या खेळाला नाही. कथा चोरीला गेल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या लेखकाला आर. जी. आनंद (१९७८) हा निकाल समजावून सांगावा लागतो. तो वादही नाटकावरून निघालेल्या चित्रपटाचाच होता, आणि कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो, हे त्यात ठरले. नोंदणी केली नाही म्हणून दावा चालणार नाही, असे सांगून पक्षकाराला परत पाठवू नये. संजय सोया प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली नोंदणी सक्तीची नसल्याचे स्पष्ट केले आहे.

फीचे काय? दीड पानाच्या कराराला पहिल्या हंगामात फारसे कोणी देणार नाही, हे उघड आहे. पण मंडळांचे हंगाम दरवर्षी येतात. मराठीत, नटाला वाचता येईल असा मसुदा ज्याच्याकडे तयार असेल, त्याच्याकडे दुसऱ्या वर्षी लोक आपणहून येतील. मुंबईचा साचा भाषांतर करून चालणार नाही. त्यात पावसाने प्रयोग रद्द झाला तर आगाऊ रकमेचे काय, याचे उत्तर नसते.

दावा दाखल करायची वेळ आलीच, तर कलम ६२(२) लेखकाच्या बाजूचे आहे. कामठ्यात राहणाऱ्या लेखकाला गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात दाद मागता येते, प्रतिवादी कुठलाही असो. ज्या कंपनीचे मुख्य कार्यालय एकीकडे आणि शाखा दुसरीकडे, तिच्यासाठी मात्र संजय दालिया (२०१५) हा निकाल वाचून घ्यावा. दाव्याचे मूल्य तीन लाख किंवा जास्त असेल तर वाणिज्य न्यायालयाचा कायदा लागतो आणि आधी मध्यस्थी, तातडीचा अंतरिम आदेश मागितला असेल तर सोडून. इंटरनेटवरचा मजकूर उतरवण्याची लेखी तक्रार केल्यावर प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या कलम ५२(१)(क) प्रमाणे यूट्यूबसारखा मध्यस्थ मंच २१ दिवस तो बंद ठेवतो. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश पोहोचला नाही, तर व्हिडिओ पुन्हा सुरू करायला मंच मोकळा असतो. म्हणून तक्रार पाठवतानाच दाव्याचा मसुदा तयार असावा.