सील बदललं, दुखणं तेच!

‘ऑइल गळतंय? मग सील बदला!’ एवढं सांगायला इंजिनिअर कशाला हवा?

नागावच्या आमच्या मामांची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप. पुढच्या अ‍ॅक्सलचं सील एका वर्षात दोनदा बदललं, तरी गळती चालूच. शेवटी ऑइल ब्रेक-शूवर उतरलं आणि कार्लेखिंडीच्या उतारावर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली गेली. मामा थोडक्यात वाचले.

दिवाळीच्या सुट्टीत मी गाडीखाली शिरलो. अ‍ॅक्सलवरचा छोटासा ब्रीदर रेती आणि खाऱ्या चिखलानं पार बुजलेला! गाडी पळाली की आतली हवा तापून फुगते. वाट मिळाली नाही, तर ऑइलला सीलमधून बाहेर रेटते. तापलेला अ‍ॅक्सल भरतीच्या पाण्यात बुडाला की उलटं होतं: पाणी आत ओढलं जातं, ऑइल दुधी होतं. ब्रीदर साफ केला, शाफ्टला खाच पडली नाही ना ते बोटानं चाचपलं, शूज बदलले, मगच तिसरं सील बसवलं. आता गाडीखालची जमीन कोरडी असते.

मशीन ड्रॉइंगच्या शीटवर ऑइल सील आपण सगळ्यांनीच काढलंय. ते खराब का होतं, हे व्हायव्हातही कुणी विचारत नाही. म्हणून सरांना एकच विनंती: वर्कशॉपच्या जर्नलमध्ये ‘काय बदललं’ याच्या शेजारी अजून एक रकाना आखा, ‘का गेलं?’